पंढरीनाथांचा शिंपला

भाईंदर पश्चिमेच्या ज्या सोसायटीत पंढरीनाथ चोगले राहतात, तिथे त्यांचा शिंपला ठाऊक नसलेला माणूस सापडणं कठीण. एखादं नवं भाडेकरू कुटुंब आलंच तर सामान वर चढायच्या आत त्या घरातल्या कर्त्या माणसाला गेटजवळच्या बाकावर बसवून शिंपला ऐकवला जातो.

पंढरीनाथ मूळचे श्रीवर्धनकडचे. उभी नोकरी समुद्रातल्या तेलाच्या रिगवर गेली. पंधरा दिवस पाण्यावर, पंधरा दिवस घरी. विहीर खोदायचे पाइप जोडायचे, सोडवायचे आणि चिखलाने माखून निघायचं, हे काम. तिथे यंत्रांच्या घरघरीत शेजारच्याचंही ऐकू येत नसे. त्याची भरपाई म्हणून असेल, निवृत्त झाल्यावर त्यांची जीभ जी सुटली ती सुटलीच. त्यांच्या पत्नी गिरिजाकाकू म्हणतात, पूर्वी मला निदान पंधरा दिवस तरी सुट्टी मिळायची.

गोष्टीची सुरुवात ठरलेली. ‘सव्वीस नंबरच्या विहिरीवर होतो तेव्हा...’ समुद्राच्या तळाखाली दीड किलोमीटरवरून चुनखडकाचा कोअर वर काढला होता. कोअर म्हणजे विहिरीतून अखंड कापून आणलेला दगडाचा लांब दांडा. त्याचा तुकडा धुतला आणि आत बघतात तर काय, एक अख्खा शिंपला. पहिल्यांदा ही गोष्ट सांगितली तेव्हा तो मुठीएवढा होता. पुढे वाटीएवढा झाला आणि गेल्या गणपतीत तर जेवणाच्या ताटलीपर्यंत पोचला. कोअरच मुळात वाटीच्या तोंडाएवढा रुंद, मग त्यात ताटली कशी मावली, हे विचारायचं मात्र कोणाला सुचलं नाही.

कारण मुळात शिंपल्यावरच कोणाचा विश्वास नव्हता. अविश्वासाचे पुढारी म्हणजे तळमजल्यावरचे नीलेशभाई. काशीगावला हायवेलगत त्यांचं मार्बल आणि टाइल्सचं दुकान, त्यामुळे दगडाच्या बाबतीत बाकावर त्यांचा शब्द शेवटचा. ते म्हणत, “काका, पत्थर मैं बेचता हूँ. मला इतक्या वर्षांत एक शंख भेटला नाय आणि तुम्हाला समुंदरच्या खाली शिंपला भेटला?” मग बाकावर हशा व्हायचा. पंढरीनाथही हसायचे, पण घरी येऊन ताटात अर्धी भाकरी टाकून उठायचे. आयुष्यभर त्यांनी जे उपसलं ते तेल बघायला काही कोणी आलं नव्हतं. डोळ्यांनी पाहिलेली एवढी एक नवलाची गोष्ट होती, ती तरी कोणी खरी मानावी, एवढंच त्यांना हवं होतं.

त्यांची मुलगी क्षितिजा बापाच्या गोष्टी ऐकतच भूविज्ञानाकडे वळली आणि पुढे विद्यापीठात पीएचडीला लागली. तिचं संशोधन चुनखडकावर. या दगडात तेल साठतं, पण तो मोठा लहरी दगड. इथे भोकंच भोकं आणि हातभर अंतरावर घट्ट बंद. तेल कुठून वाहील आणि कुठे अडून बसेल, हे ओळखायचं तिचं काम. त्यासाठी एका तेल कंपनीने विद्यापीठाला पैसे दिले होते आणि आपल्या गोदामातले जुने कोअरही दिले होते. क्षितिजाची फेलोशिप त्यातूनच येई. बदल्यात अट होती. विहिरीचं नाव, जागा, खोली, काही म्हणजे काही बाहेर जाता कामा नये. प्रबंधात विहिरींना नुसतं क, ख, ग म्हणायचं आणि छापण्याआधी प्रत्येक पान कंपनीच्या माणसाला दाखवायचं.

त्यामुळे घरात मोठी पंचाईत झाली. ‘कुठल्या विहिरीचा दगड आणलाय गं?’ असं पंढरीनाथ विचारत आणि ‘सांगता येत नाही, बाबा’ हे उत्तर मिळे. त्यांना ते फार लागायचं. ज्या समुद्रात आपण हाडं झिजवली तिथलाच दगड, आणि बंदी आपल्यालाच? दोन वर्षांपूर्वी मात्र एका संध्याकाळी क्षितिजा प्रयोगशाळेतून आली, पर्स खाली ठेवली आणि स्वतःहून म्हणाली, बाबा, तो शिंपला पुन्हा सांगा ना. तिने सगळं ऐकून घेतलं आणि ती एकदाही हसली नाही. पोरीला आपली कीव आली, असं पंढरीनाथांना वाटलं.

होता होता व्हायवाचा दिवस उजाडला. ही शेवटची तोंडी परीक्षा सगळ्यांसाठी खुली असते. कोणीही यावं, बसावं, प्रश्न विचारावा. नीलेशभाईंनी हौसेने आपली गाडी काढली. निघण्याआधी क्षितिजाने बापाला बाल्कनीत नेलं. कंपनीचे जितेंद्र सर पहिल्या रांगेत असतील, तिथे रिगच्या गोष्टी नकोत, असं तिने बजावलं. “एक नाव जरी बाहेर गेलं ना बाबा, तर कंपनी प्रबंध अडवेल. माझी सगळी वर्षं पाण्यात जातील.” पंढरीनाथांनी गळ्याला हात लावून शपथ घेतली. गिरिजाकाकूंचा त्या शपथेवर काडीचा विश्वास नव्हता, म्हणून त्या हॉलमध्ये मुद्दाम त्यांना चिकटून बसल्या. पलीकडे नीलेशभाई बसले.

सगळं इंग्रजीत चाललं होतं. पंढरीनाथांना निम्मं कळत होतं आणि उरलेलं ते अभिमानाने भरून काढत होते. इतक्यात पडद्यावर ‘विहीर ख’चा फोटो आला. राखाडी दगड, मधोमध शिंपला आणि शिंपल्याच्या कडेला उडालेला एक टवका.

पंढरीनाथ ताठ झाले. त्या टवक्याबद्दल ते आजवर कोणापाशीही बोलले नव्हते. कोअर नळीत अडकला होता, ह्यांनी धसमुसळेपणाने बाहेरून पाना हाणला आणि शिंपल्याची कड उडाली. साहेबांच्या शिव्या पडल्या, म्हणून गोष्टीतून तेवढा भाग त्यांनी कायमचा वगळला होता. पडद्याजवळ उभी राहून क्षितिजा सांगत होती की हा टवका नैसर्गिक नाही, दगड बाहेर काढताना कोणाच्या तरी हातून उडालेला आहे. बोलता बोलता तिने क्षणभर बापाकडे पाहिलं आणि पुढचा फोटो लावला.

त्या संध्याकाळी पोरीने शिंपला पुन्हा का सांगायला लावला, ते त्यांना आता कळलं. तिला कीव आली नव्हती. तिने तो हातात घेतला होता. आणि त्यानंतर दोन वर्षं, बाकावर लोक बापाला हसत असताना, ती गेटमधून मान खाली घालून जात होती.

शेवटी परीक्षकांनी श्रोत्यांपैकी कोणाला काही विचारायचं आहे का, असं विचारलं. पंढरीनाथांचा हात वर गेला. गिरिजाकाकूंनी त्यांच्या शर्टाचं टोक धरलं, पण ते उभे राहिले होते. पहिल्या रांगेतून जितेंद्र सरांनी मागे वळून पाहिलं. क्षितिजाचा चेहरा उतरला. एक वाक्य बोलले असते तर जन्माचा हशा बंद झाला असता, आणि नीलेशभाई शेजारीच होते.

“त्या शिंपल्याचं वय किती असेल?” पंढरीनाथांनी विचारलं.

“साधारण दोन कोटी वर्षं, बाबा,” क्षितिजा म्हणाली. ‘बाबा’ ऐकून हॉल हसला आणि गिरिजाकाकूंनी शर्ट सोडला.

पदवी मिळाल्याचं जाहीर झालं. बाहेर चहा, समोसे आणि पेढे होते. जितेंद्र सर बशी घेऊन क्षितिजाचं अभिनंदन करत होते, तेवढ्यात नीलेशभाई भर घोळक्यात पंढरीनाथांच्या खांद्यावर हात टाकून म्हणाले, “काका, माफ करा. दगडात शिंपला निघतो की खरंच! हा तुमचाच तर नाय ना? तो, काय ते, सव्वीस...”

“छे हो,” पंढरीनाथांनी त्यांना पुढे बोलूच दिलं नाही. “आमचा अगदी लहान होता. शिंपला होता की नुसता डाग, आता तेही धड आठवत नाही.”

नीलेशभाई मोठ्याने हसले. म्हणाले, शेवटी कबूल झालात. जितेंद्र सरही हसले आणि दुसरा समोसा घ्यायला वळले. क्षितिजा मात्र हसली नाही. ती बापाजवळ येऊन उभी राहिली. पंढरीनाथ हळूच तिला म्हणाले, “पाना माझा होता.” ती म्हणाली, “मला काही बोलता येत नाही, बाबा.” आणि तिचे डोळे भरून आले. नकोच बोलूस, असं म्हणून त्यांनी तिच्या हातावर पेढा ठेवला.

ही कबुली नीलेशभाईंनी दुसऱ्याच दिवशी बाकावर जाहीर केली. आता सगळ्यांना शिंपल्याचं खरं माप हवं होतं. नेमका किती लहान होता काका, असं कोणीतरी विचारलं. क्षितिजा तेव्हा गेटमधून आत येत होती. पंढरीनाथांनी तिच्याकडे पाहिलं, मग अंगठा पुढे करून त्याचं नख सगळ्यांना दाखवलं.