आंबटाला चुना, चुन्याला लिंबू

आमची कारभारीण चुन्याची डबी कमरेला खोचून झोपायची. पान मात्र तिनं जन्मात खाल्लं नाही. मुंगी चावली, लाव चुना. पोटात जळजळलं, पाज चुन्याची निवळी. एकदा उसात लाल मुंग्यांनी माझी पाठ फोडली, तर तिनं मला मानेपासून कमरेपर्यंत असं सारवलं की म्हैस बुजून दावं तोडून पळाली. गल्ली तिला चुनावैनी म्हणायची. शाळा तिची माझ्याएवढीच, म्हणजे पाटी फुटेपर्यंत. पण शास्त्र पक्कं. "आंबट माजलं की चुना, आन् चुना माजला की लिंबू. एकाला दुसऱ्यानंच गप करायचं."

आमचं गुऱ्हाळ होतं. शिळ्या उसाचा रस आंबटतो, त्याचा गूळ धड बसत नाही. म्हणून उकळत्या काहिलीत बेतानं चुना घालायचा. हात तिचा.

लेकीला मुरगूडचं स्थळ आलं. पोरगा मला पसंत नव्हता.

"चिपाड हाय नुसतं," मी म्हणालो.

"चिपाडावरच चूल पेटती आपली," ती म्हणाली, आणि माझ्याशी बोलायची बंद झाली.

पोराचा बाप गुऱ्हाळावर आला त्या दिवशीही अबोलाच होता. रस आंबट होता. तिनं चुना घातला. ती पाण्याला गेली तसा मीही घातला. विचारायचं कुणी कुणाला? काहील काळी पडायला लागली, आणि नेमके पाव्हणे दारात.

"गूळ करताय का डांबर, मालक?" पोराच्या बापानं विचारलं.

"डांबरच हाय. तुमच्या दारातल्या रस्त्याला न्या की!" मी म्हणालो.

लेकीचं तोंड एवढंसं झालं. स्थळ गेलंच म्हणायचं. कारभारीण तडक उठली. बांधावरची लिंबं ओच्यात भरून आणली आणि बियांसकट काहिलीत पिळत सुटली. हळूहळू रंग उतरला, काळ्याचा तांबूस झाला. पाव्हण्यांनी बोट भाजून घेत चाखला.

"गूळ सुधारला, वैनी. पर हे मालक लई आंबट हायत. ह्यांच्यात काय घालता?"

"मी हाय की," ती म्हणाली.

पाव्हणे हसता हसता खाटेवरून घसरले. सुपारी तिथंच फुटली. त्या खेपेचा गूळ लोकांनी बिया थुंकत खाल्ला.

गेल्या आषाढात कारभारीण गेली. परवा जावई आला. म्हणाला, "मामा, आमच्याकडं चला ऱ्हायला."

"कुठं बांधताय? गोठ्यात?" मी म्हणालो.

त्यानं पिशवी उचलली, पायात चप्पल सरकवली. ती सावरून घेईल म्हणून मी सवयीनं आत बघितलं. स्वयंपाकघरात पालथी भांडी होती, दुसरं काही नव्हतं. मग मीच अनवाणी रस्त्यापर्यंत गेलो.

"जेवून जावा."

"आमटी कोण करणार हाय?"

"मी."

"मग सरा बाजूला, मी करतो," म्हणाला, आणि माझ्या आधी घरात शिरला.