घरपट्टीच्या यादीतलं देऊळ

"कौलाखाली निजायची हौस आली व्हय रं? उतरव. समद्यांच्या देखत उतरव!"

सरपंच आमच्या अंगणात उभा होता. तेव्हा आम्ही 'सरपंच आले' म्हणायचो, आज मी 'आला' म्हणते. माझा बा छपरावर होता. कोळवणच्या एका पडक्या बंगल्याची जुनी कौलं त्यानं आणि आईनं आठ दिवस डोक्यावरून वाहून आणली होती. आता तो ती एकेक काढून खाली देत होता आणि मी झेलत होते. ओढा ओलांडून निम्मं गाव बघायला आलं होतं. कुणी हसलं. बा खाली मान घालून काढत राहिला.

नवी ग्रामपंचायत आली होती. गवताच्या छपराला घरपट्टी माफ, कौलारू घराला लागू. बानं पट्टीला नाही म्हटलं नव्हतं. "भात निघू द्या, भरतो," एवढंच म्हणाला होता. पण दुखणं पट्टीचं नव्हतंच. गावाबाहेर, ओढ्यापलीकडं ठेवलेल्या आमच्यासारख्या माणसाच्या घरावर कौलं दिसली, हे दुखणं होतं.

आम्ही पुन्हा गवत घातलं. मी सातवी झालेली. आपलं घर आता माफीत आलं का, ते बघायला चावडीवर गेले. भिंतीवर यादी होती. हरकत महिन्याच्या आत, असं खाली लिहिलेलं. त्याची दवंडी झाली होती म्हणे. पण दवंडीवाला नेहमी ओढ्यावरूनच माघारी फिरायचा.

बाच्या नावापुढं अजून 'पक्के घर' होतं. त्याच यादीत वर सरपंचाची दुमजली माडी. तिच्यापुढं: 'सार्वजनिक देवालय. माफ.'

मी तीनदा वाचलं. त्या माडीचं अंगण माझी आई सारवायची. तहान लागली तर पायरीखाली बसून ओंजळ धरायची, वरून पाणी पडायचं. आत देव्हारा आहे हे तिला ऐकून माहीत. माझ्या अंगाची लाही झाली.

तिथंच कागद मागून घेतला. लिहिलं: 'आमचे छप्पर गवताचे आहे, माफ करावे. सरपंचांची माडी सार्वजनिक देवालय असल्यास आम्हांस दर्शनाची वेळ कळवावी. नसल्यास पट्टी लावावी.'

ग्रामसेवकानं वाचलं आणि दाराकडं बघितलं. "पोरी, घरी जा. हे बरं न्हाई."

"पोच द्या, मग जाते."

दिवस कलेपर्यंत मी उभी राहिले. शेवटी त्यानं शिक्का मारला.

संध्याकाळी सरपंचाचा गडी आला. अंगणात बसला, विडी पेटवली. आमच्या छपराकडं बघत म्हणाला, "गवत लई वाळलंय. जपून ऱ्हावा." जळती काडी भिंतीशी टाकून गेला. आईनं ती पायानं विझवली.

बानं घरातली सगळी भांडी पाण्यानं भरून भिंतीला लावली. "कागद माघारी घे गं," तो म्हणाला. "आपल्याला हितंच ऱ्हायचंय."

मला भीती वाटत होती. खोटं कशाला सांगू? पण त्याला हसलेलं गाव मी बघितलं होतं.

"न्हाई घेणार," मी म्हणाले. "सोमवारी मी दर्शनाला जातेय. दार उघडलं तर आत शिरणार. न्हाई उघडलं तर ते देऊळ न्हाई, घर हाय, असं लिहून घेऊनच उठणार. आणि हे छप्पर पेटवलं, तर आपण समदी तितंच ऱ्हायला जाऊ. सार्वजनिक हाय ते."