पाच किलो आणि एक बादली

प्रमिलाबाई गांगुर्डेंची पाळी जाऊन आठ वर्षं झाली होती. हाडं ठिसूळ होताहेत, वजन उचलायचा व्यायाम करा, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं. खुबा मोडून दोन वर्षं अंथरुणाला खिळलेली आई प्रमिलाबाईंनी पाहिली होती. त्या मुकाट्यानं नाशिक रोडला, कॉलनीच्या हॉलमध्ये वैष्णवी नावाच्या मुलीच्या व्यायामवर्गाला जाऊ लागल्या. पाच किलोचं डंबेल डोक्यावर गेलं त्या दिवशी सगळ्या बायकांनी टाळ्या वाजवल्या, आणि साठीच्या बाई नव्या नवरीसारख्या लाजल्या.

घरी नवऱ्यानं, रंगनाथरावांनी, रोज नकला केल्या. "काय पैलवान, आज कुस्ती कुठं? हात मोडून घेशील म्हातारपणी!" पाहुण्यांसमोरही तेच. महिन्याभरात बाईंनी वर्ग सोडला.

गिझरच्या पाण्यानं अंग खाजतं, असं रंगनाथरावांचं म्हणणं. म्हणून गॅसवर पाणी तापवून भरलेली बादली न्हाणीत नेऊन ठेवायची, हा बाईंचा चाळीस वर्षांचा नेम. परवा त्या बादलीसकट घसरल्या आणि मनगट मोडलं.

दवाखान्यात रंगनाथरावच आधी बोलले. "मॅडम, त्या डंबेलनं केलं हे सगळं."

"अहो, वर्ग सोडून वर्ष झालं," बाई म्हणाल्या. "तुमची बादली उचलत होते मी."

"ते असू दे. प्लास्टर किती दिवस? उद्यापासून माझं पाणी कोण काढणार?"

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. डॉक्टरीणबाईंना म्हणाल्या, "सावकाश जुळू द्या हाड. मला काही घाई नाही."