तीन गाठींचे दगड

पाचवीला अश्मयुग शिकवताना मी सहज विचारलं होतं, त्या माणसांची हत्यारं आपल्या भागात कुणी पाहिलीत का? टॉवरमधली मुलं हसली. करावे गावातली एक मुलगी मात्र दुसऱ्या दिवशी आजोबांकडच्या तीन पुरचुंड्या घेऊन आली. आत गारगोटीची पाती होती, नखाएवढी, कडा अजून धारदार. आजोबांनी तरुणपणी मिठागरात राबताना, खाडीवर जाता-येता ती वेचलेली.

मी हरखून गेले. ती पुरचुंड्यांबद्दल काही सांगू लागली, तर "नंतर सांग हं" म्हणाले. पुरचुंड्या सोडून सगळे दगड एकत्र ब्रशने घासून धुतले आणि मुलांना नीट दिसावेत म्हणून ताटात आकाराप्रमाणे लावले. शेजारच्या वर्गावरच्या बाई डोकावल्या. "अगं, रुखवत मांडलंस की काय!" मीही हसले.

आठवड्याने आजोबा स्वतः आले. नजर अधू झालेली. ताटावरून बोटं फिरवत म्हणाले, "बाई, गाठी कोनी सोडल्या?"

पुरचुंडीला एक गाठ म्हणजे आतले दगड डोंगराच्या पायथ्याचे, दोन म्हणजे मिठागराच्या बांधावरचे, तीन म्हणजे खाडीकाठच्या उंचवट्यावरचे, हे मला तेव्हा कळलं. उंचवट्यावर पात्यांसोबत कालवांच्या शिंपल्यांचा ढीग होता. म्हणजे हजारो वर्षांपूर्वी तिथे कुणीतरी बसून जेवलं असेल. त्या दगडांना शिंपल्यांचा पांढरा थर होता. तो मीच घासून काढला होता.

"आता मलाबी नाय वळखायचं," ते म्हणाले. "तुमी शिकलेली मानसं, तुमीच बगा." टोमणा होता की विश्वास, मला अजून ठरवता आलेलं नाही. निघताना म्हणाले, "उंचवटा तेवढा दावतो. या एकदा."

परीक्षा झाल्या की येते, म्हटलं. मग पेपर तपासायचे होते, मग सुट्टी लागली.

जूनमध्ये ती मुलगी सहावीच्या वर्गातून मला भेटायला आली. आजोबा मे महिन्यात गेले होते. उंचवटा घरात दुसऱ्या कुणालाच माहीत नव्हता. मी दगडांचा डबा तिच्यापुढे केला.

"राहू दे बाई, तुमच्याकडेच. आमच्यात आता कोणाला कळतंय?"

डबा माझ्या कपाटात आहे. दरवर्षी तो धडा आला की उघडते. मुलं हमखास विचारतात, "बाई, हे कुठे सापडले?"

"इथेच कुठेतरी," मी सांगते.