खंडेनवमीला उतरवलेलं चेंबर

आकाराम, तुला पत्र लिहिणं म्हणजे मला मोकळीकच आहे, कारण तू ते वाचणार नाहीस. "बाई, काय लिवलंय ते तुमीच सांगा," म्हणशील. तर सांगते. मध्ये बोलायचं नाही.

कराडच्या कॉलेजातली नोकरी संपल्यावर मी जत भागातलं हे मुलींचं वसतिगृह चालवायला घेतलं, तेव्हापासून तू आमच्या पाण्याच्या टँकरवर आहेस. मेंढरं विकून ड्रायव्हर झालेला माणूस. गाडी चढाला दमली की अजून मेंढराला घालावी तशी शीळ घालतोस. जुनी डिझेल गाडी, तिला तू 'म्हातारी' म्हणतोस, तेही माझ्यासमोर.

तू भित्रा नाहीस. न्हाणीत निघालेला साप काठीवर घेऊन माळावर सोडून आलास. पण गाडीखाली मात्र कधी गेला नाहीस. साधं ग्रीस मारायचं तरी मिस्त्री बोलवायचास. मी फार टोचून बोलले, तेव्हा कुठं खरं कळलं. तुझा मेहुणा अमृत ट्रकखाली पाना फिरवत असताना जॅक सटकला आणि तो जागीच गेला. त्यानंतर तुझ्या बायकोनं, हरणाबाईनं, तुला बिरोबाची शपथ घातली : गाडीखाली जायचं नाही.

इंजिनाच्या तळाला ऑइल साठवणारं पत्र्याचं भांडं, तुम्ही त्याला चेंबर म्हणता, ते गंजून गळायला लागलं होतं. बाहेरूनच हात घालून गळक्या जागी साबण चोळचोळून तू दिवस ढकललेस. मीच सांगलीहून नवं आणलं. मिस्त्री येतो येतो म्हणत खंडेनवमी उजाडली, आणि त्या सकाळी हौदात पाणी उतरवून होतंय तोवर म्हातारीनं सगळं ऑइल जमिनीवर ओतलं.

हौदातलं पाणी उद्यापर्यंतही पुरणार नव्हतं. मिस्त्री एकही येईना, सगळ्यांची हत्यारं पूजेला बसलेली. तुझे पाने तरी कुठं वेगळे होते? पाटावर, झेंडूच्या फुलांखाली. जॅकलासुद्धा कुंकू.

"दसरा होऊ दे, मग बघू," मी म्हणाले. मला घाई असते, पण माणूस मारायची नाही.

"आन् पोरी काय पित्याल? झेंडूचा रस?" पाटाला डोकं टेकवून तू पाने उचललेस. "आजच्या दिस माफी करा रं गड्यांनो."

"आणि हरणाबाईची शपथ?"

"ती वस्तीवर हाय, तुमी हितं हाय. जॅककडं बघत बसा, बाई. हलला तर वरडा."

पुढच्या चाकांचा आस आडवा येतो, म्हणून गाडीचं तोंड उचलल्याशिवाय चेंबर निघत नाही. तू फळीवर जॅक ठेवलास, आसाखाली बाभळीचा एक ओंडका सरकवलास आणि आत गेलास. मला फक्त तुझे पाय दिसत होते.

जमिनीकडं आपण दोघांनीही पाहिलं नव्हतं. साऱ्या माळावर धूळ उडत असताना इथं चिखलाची भीती कुणाला असते? पण टँकर रोज त्याच जागी रिकामा होतो. रोज सांडणाऱ्या पाण्यानं तिथला मुरूम आतून लोण्यासारखा झाला होता. फळीचा कोपरा खाली चाललेला मला दिसला. अगदी सावकाश.

"आकाराम, बाहेर ये!"

"दोनच बोल्ट ऱ्हायल्यात."

"फळी बुडतीय! ये आधी!"

"बोल्ट निघालं. चेंबर छातीवर हाय, बाई. कसा येऊ?"

मी खाली बसून तुझे घोटे धरले. सत्तरी उलटलेली बाई तुला ओढून काढणार होती! तू जागचा हलला नाहीस. जॅक कलला, गाडी करकरत खाली आली आणि ओंडक्यावर टेकली. ओंडका तडकला. मग काहीच आवाज नाही. तुझे पाय माझ्या हातात होते आणि ते हलत नव्हते.

"घोटं सोडा की," तू आतून म्हणालास. "सरकता येईना मला."

पाठीवर सरकत बाहेर आलास. छातीवर चेंबर, तोंडाला काळं तेल. कितीतरी वेळ भिंतीला टेकून बसलास. मग शहाबादी फरशीवर जॅक उभा केलास, दोन्हीकडं दगड रचलेस आणि नवं चेंबर बसवायला परत आत गेलास. त्या वेळी मी बघत बसले नाही, माझ्याच्यानं झालं नाही. तिन्हीसांजेला टँकर भरून आला.

टँकर उभा करून तू म्हणालास, "बाई, शपथ मोडली ते हरणीला तुमीच सांगा. माझी छाती व्हायची न्हाई. तुमचं ऐकंल ती."

रविवारी वस्तीवर जायचं ठरलं. रविवारी तुझी पेरणी निघाली. पुढच्या खेपेला पाव्हणे आले. त्यानंतर तू कारण द्यायचंही सोडलंस.

संक्रांतीला हरणाबाईच वाण घेऊन आली. "हितनं तिथनं सगळ्या ड्रायव्हरांच्या बायकास्नी घोर," ती म्हणाली. "आमचं मालक गाडीखाली जात न्हाईत, तेवढं बरं हाय बगा." मी तोंड उघडलं. तिच्या मागं उभा राहून तू नको म्हणून मान हलवलीस.

मी तिला चहा विचारला.