गंजावरचं सोनं

हट्टी माणसं आमच्या किन्हवलीत काही कमी नाहीत, पण नथूची लेक वंदना त्यांतली अव्वल. ती नववीत असताना नथू गेला. टोकावड्याच्या पुढे, घाटाच्या रस्त्यावरच्या एका ढाब्यात तो रोट्या भाजायचा. शहाण्णवच्या कडाक्याच्या थंडीत त्याने कोळशाची शेगडी झोपायच्या खोलीत नेली आणि सकाळी उठलाच नाही. अंगावर ना जखम, ना ओरखडा. कोणी म्हणे पान लागलं, म्हणजे साप चावला, कोणी म्हणे बाहेरची बाधा. डॉक्टरांनी सांगितलं, कोंडलेल्या कोळशाचा वायू. त्याला ना वास, ना रंग. वंदनाने ते नाव पाठ केलं, कार्बन मोनॉक्साइड. बापाला मारणाऱ्याचं नाव लेक विसरेल होय?

विसरली नाहीच. रसायनशास्त्र घेऊन एम.एस्सी. झाली आणि दोन हजार चार साली मुंबईला हेतल मॅडमच्या प्रयोगशाळेत पीएच.डी.ला लागली. विषय ऐकून गावात लोक हसले. सोन्याचे कण, इतके बारीक की साध्या सूक्ष्मदर्शकालाही सापडायचे नाहीत. पण ते या वायूला धरतात, प्राणवायूशी त्याची गाठ घालतात आणि त्याचं विष काढून टाकतात, तेही विस्तवाशिवाय. दागिन्यातलं सोनं असलं काही करत नाही, ते आपलं मिरवायला. कण बारीक हवेत, आणि त्यांना बसायला खाली कसली तरी भुकटी हवी. वंदनाला वाटलं, काम करतं ते सोनं, खालची भुकटी म्हणजे नुसता पाट. जेवण चांगलं असलं की झालं, पाट कसला का असेना.

म्हणून तिने हाताशी होती ती सिलिका घेतली, वाळूचीच जात. तिच्यावर सोन्याचं द्रावण घातलं, ढवळलं, गाळलं, धुतलं. शेवटी भट्टीत भाजायचं होतं. मॅडमनी सांगितले होते तीनशे अंश. आता ही पडली भातशेतीवाल्यांची लेक! आमच्याकडे पेरणीआधी राब भाजतात, शेण नि पालापाचोळा पसरून रोपाची जागा जाळून काढतात. भाजणी कडक तर रोप जोमदार, हे तिने कळत्या वयापासून ऐकलेलं. तीनशेने काय होतंय, असं म्हणून बाईसाहेबांनी सहाशे लावले. भुकटी निघाली गुलाबी, दिसायला मोठी देखणी. यंत्रात घालून वायू सोडला, तर जेवढा आत गेला तेवढाच बाहेर आला.

मॅडम जाम चिडल्या. उष्णतेने कण जागचे सुटले, एकमेकांना चिकटून मोठे झाले आणि मोठं सोनं आळशी असतं, असं त्यांनी खडसावून सांगितलं. सोन्याचा क्षार चिमूटभर उरला होता. नवा लवकर मिळणार नव्हता. तू विषय बदल, असं त्या सरळ म्हणाल्या.

वंदना हमसून हमसून रडली. मग तोंड धुऊन परत मॅडमच्या दारात उभी राहिली.

"विषय बदलणार नाही," ती म्हणाली. "उरलेल्यात करून दाखवते. नाही जमलं तर माझी मी घरी जाते."

मॅडमनी मान्य केलं, पण एका अटीवर. उरल्या सोन्याचे दोन सारखे भाग करायचे, खालची भुकटी तेवढी वेगळी, आणि भट्टी तीनशेच्या वर जाता कामा नये. एक भाग पुन्हा सिलिकेवर गेला. दुसऱ्यासाठी तिने लोहाचं ऑक्साइड निवडलं. म्हणजे काय, तर गंज! भाजणी संपेपर्यंत ती भट्टीपुढून हलली नाही.

सिलिकेवरचं सोनं याही वेळी ढिम्म. गंजावरच्या सोन्यावर वायू सोडला आणि यंत्रातून बाहेर येणाऱ्या वायूचा आकडा घसरायला लागला. साध्या खोलीच्या उबेत घसरत घसरत शून्याला टेकला. गंजाने कणांना जागच्या जागी धरून ठेवलं होतं आणि वर प्राणवायूही पुरवला होता. पाटच निम्मा स्वयंपाक करत होता म्हणायचा. वंदनाने आनंदाने मॅडमना मिठीच मारली.

त्याच आठवड्यात ती घरी आली आणि आईला, गोजाबाईला, सगळं समजावून सांगितलं. गोजाबाईने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग हळूच विचारलं, "तुज्या बाच्या खोलीत ही भुकटी असती तर?"

हो म्हणणं किती सोपं होतं!

"नाय गो आये," ती म्हणाली. "ही अजून लवकर थकते, लय काम बाकी हाय. आन् बा वाचायला एवढं लागतच नव्हतं. खिडकी चार बोटं उघडी पायजे होती."

"एवढंच?"

"एवढंच."

गोजाबाईने पदराने डोळे पुसले. मग म्हणाली, "मंग सोनं ऱ्हाऊ दे जरा. आदी हे सांग लोकांना."

थंडी पडल्यावर एका रविवारी मायलेकी टोकावड्याच्या एसटीत बसल्या. रस्त्यावरच्या प्रत्येक ढाब्यावर हेच सांगत सांगत त्या नथूच्या ढाब्यावर पोचल्या. त्याच्या खोलीत आता नवशा नावाचा रोटीवाला झोपायचा. वंदनाचं बोलणं ऐकून तो हसला आणि म्हणाला, एवढं शिकून खिडकी उघडायला सांगता होय, मॅडम? वंदना काही बोलणार, तोवर गोजाबाई खोलीत शिरली. नथू गेल्यापासून तिने या खोलीत पाऊल टाकलं नव्हतं. तिने खिडकीची कडी काढली आणि दोन्ही फळ्या बाहेर लोटल्या.

"माजा मालक हितं गेला, बाबा," ती नवशाला म्हणाली. "ही लावू नको."