भरतात टोमॅटो

मागच्या शनिवारी आमच्या शाळेत पालकसभा होती. धरणगावपासून थोडं आत, लहानशा गावातली शाळा आमची. आठवीच्या वर्गाला आठवड्यातून एक तास मोबाईल वापरू द्या, असा हट्ट मीच धरला होता. तो तास ठेवायचा की बंद करायचा, हे शाळा समितीचे अध्यक्ष आबा त्या दिवशी ठरवणार होते.

मुलांना काम साधंच होतं. चौघांचा गट करा, गावातली एक गोष्ट निवडा, माहिती शोधा आणि व्हिडिओ बनवा. कोमलच्या गटाने वांग्याचं भरीत घेतलं.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी एआयकडून लिहून घेतलेली कृती मला दाखवली. मराठी इतकी स्वच्छ, की मी वरवर वाचून 'छान' म्हटलं आणि पुढच्या गटाकडे वळले.

सभेत त्यांचा व्हिडिओ सुरू झाला. वांगी गॅसवर भाजली, मिक्सरमधून फिरवली... आणि कोमलने वरून चक्क टोमॅटो चिरून घातला.

आबा खुर्चीत पुढे सरकले. "टमाटा? भरीतमा? मॅडम, कोनता गावना शे हाऊ तुमना फोन?"

फोन कुठल्या गावचा, हे ऐकून सगळे पालक खो खो हसले. मला वाटलं, झालं... गेला आपला तास.

पण व्हिडिओ संपला नव्हता. पडद्यावर कोमल म्हणाली, "हे फोनने सांगितलेलं भरीत. आम्ही करून पाहिलं, घरात कुणी तोंड लावलं नाही." आणि मग दिसलं शेत. वाळलेल्या पऱ्हाट्यांच्या, म्हणजे कपाशीच्या काड्यांच्या, जाळावर वांगी, लाकडी मुसळाने ठेचलेल्या हिरव्या मिरच्या, वर कांद्याची पात.

शेंगदाणे घालायचे की नाही, यावरून कोमलची आई आणि गटातल्या रोहितची काकू यांची कॅमेऱ्यासमोरच जुंपली. पोरांनी ते भांडण तसंच ठेवलं होतं! शेवटी पाटी आली... 'फोनला एकच भरीत माहीत आहे. आमच्या गल्लीत दोन आहेत.'

मला यातलं काहीच माहीत नव्हतं. नंतर कोमलला विचारलं, तर ती खाली बघत म्हणाली, "मॅडम, तुम्हाला आवडलं होतं ना, मग चूक आहे कसं सांगणार? आम्ही आपसात भांडलो खूप. मग ठरवलं, आधी करून बघू."

तोवर पालकांमध्येही शेंगदाण्यावरून दोन पार्ट्या पडलेल्या. आबा उठता उठता म्हणाले, "तास चालू ऱ्हाऊ द्या, मॅडम. पन पुढला टाइमले आम्हले चाखाले बलावा."

गाडीवरून घरी येताना इतकं हलकं वाटत होतं... तास वाचला म्हणून तर होतंच. पण चार मुलांनी फोनचं खरं मानलं नाही आणि माझंही मानलं नाही, त्याचा आनंद जरा जास्तच होता.